आरसीवरची एक ओळ: हप्त्याची गाडी नक्की कुणाची?

माझ्या पीएचडीचा विषय उधारीचा इतिहास आहे हे कळलं की नातेवाईक दोन प्रश्न विचारतात. एक, यात नोकरी मिळते का? दोन, जुनी गाडी घ्यायची आहे, काय काय बघू? पहिल्याचं उत्तर माझ्याकडे नाही. दुसऱ्याचं आहे, पण ते इंजिन, टायर, क्लचबद्दल नाही. ते आरसीवरच्या एका ओळीबद्दल आहे.

गाडीवर कर्ज असेल तर नोंदणी प्रमाणपत्रावर मालकाच्या नावाबरोबर कर्ज देणाऱ्या बँकेचं किंवा कंपनीचं नाव असतं. पूर्वी आरसी बुकात 'एच.पी.' असा शिक्का मारून हाताने नाव लिहायचे, आता ते कार्डावर आणि वाहन पोर्टलवर छापून येतं. आपल्या आरटीओच्या भाषेत हा 'कर्जबोजा'. तो चढवतात आणि उतरवतात. सातबारा हाताळलेल्या माणसाला शब्द ओळखीचा वाटेल. जमीन बघायला गेलेला शहाणा माणूस आधी 'इतर हक्क' वाचतो. गाडी बघायला गेलेला तोच माणूस मात्र बॉनेट उघडून बसतो. असो.

एच.पी. म्हणजे हायर पर्चेस, मराठीत भाडे-खरेदी. हा शब्द नीट बघा, कारण तो विचित्र आहे. भाडं की खरेदी? दोन्ही एकदम कसं? ही गंमत समजायला सव्वाशे वर्षं मागे लंडनला जावं लागतं, आणि तिथे गाडी नाही, पियानो आहे.

हेल्बी नावाचा पियानोचा व्यापारी होता. त्याने १८९२ च्या डिसेंबरात ब्रूस्टर नावाच्या गिऱ्हाइकाला एक पियानो दिला. महिना साडेदहा शिलिंग, छत्तीस महिने. सगळे हप्ते भरले की पियानो ब्रूस्टरचा. तोपर्यंत कागदावर तो 'भाड्याने' घेतलेला, आणि नको वाटलं तर मध्येच परत करायची मोकळीक. ब्रूस्टरने थोडे हप्ते भरले आणि पुढच्याच वर्षी पियानो मॅथ्यूज नावाच्या गहाणवट दुकानदाराकडे ठेवून पैसे उचलले. हेल्बी मॅथ्यूजकडे गेला: पियानो माझा, परत दे. मॅथ्यूज म्हणाला, मी विश्वासाने पैसे दिलेत, मला काय माहीत?

इंग्लंडच्या १८८९ च्या कायद्यात मॅथ्यूजसारख्यांना थोडं संरक्षण होतं. ज्याने वस्तू 'विकत घ्यायचं कबूल केलं आहे' अशा ताबेदाराकडून कुणी प्रामाणिकपणे ती घेतली, तर त्या तिसऱ्या माणसाचा हक्क टिकायचा. १८९३ मध्ये फर्निचरच्या एका खटल्यात असंच झालं होतं आणि व्यापारी हरला होता. म्हणून सगळा प्रश्न एका वाक्यावर येऊन ठेपला: ब्रूस्टरने विकत घ्यायचं कबूल केलं होतं का? खालच्या कोर्टाने हो म्हटलं. हाउस ऑफ लॉर्ड्सने १८९५ मध्ये नाही म्हटलं. त्याला परत करायची मोकळीक होती ना? मग कबुली कसली! ते भाडंच. पियानो हेल्बीला मिळाला आणि मॅथ्यूजचे पैसे बुडाले.

हा निकाल म्हणजे व्यापाऱ्यांसाठी लॉटरी होती. करारात 'भाडं' हा शब्द आणि परतीचं एक कलम घातलं की माल शेवटच्या हप्त्यापर्यंत तुमचाच. गिऱ्हाइकाने तो कुणालाही विकला तरी हक्क जात नाही. परतीची मोकळीक दिसायला गिऱ्हाइकाच्या सोयीची, पण तिचा खरा उपयोग व्यापाऱ्याला होता, हे माझ्या प्रबंधातलं एक मुख्य म्हणणं आहे. (गाईड म्हणतात, जरा सौम्य लिहा.)

हप्त्याची कल्पना भारतात मोटारीच्या आधीच पोचली होती, ती शिलाई मशिनवर बसून. सिंगर कंपनीचं इथलं काम मुंबईचे पारशी व्यापारी नसरवानजी मेरवानजी पटेल बघत. महिन्याला थोडे थोडे पैसे भरून मशिन घेणारा शिंपी हे इथलं भाडे-खरेदीचं फार जुनं गिऱ्हाईक. मोटारी आल्या, १९२८ मध्ये जनरल मोटर्सने शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना काढला आणि तीच पद्धत चाकांवर चढली. १९३० चा आपला मालविक्री कायदाही इंग्रजी साच्यातलाच. त्याचं २७ वं कलम सरळ आहे: जे विकणाऱ्याचं नाही ते घेणाऱ्याला मिळत नाही. ३० व्या कलमात मॅथ्यूजसारख्यांसाठी तीच पळवाट ठेवली आहे, पण त्यातही शब्द तेच, 'विकत घेतलं किंवा घ्यायचं कबूल केलं'. म्हणजे भाडे-खरेदीची गाडी कुणी तुम्हाला विकली, तर तुम्ही मॅथ्यूज.

पियानो घरात असतो. गाडी पुण्यात घेतली आणि नागपुरात विकली असं होऊ शकतं. विकणाऱ्याच्या खिशात आरसी बुक असतं, त्यावर त्याचं नाव असतं आणि घेणाऱ्याला वाटतं हाच मालक. करार मात्र कंपनीच्या कपाटात. म्हणून पुढे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात ३१-अ हे कलम घातलं गेलं आणि भाडे-खरेदीची नोंद आरसीवरच करायची व्यवस्था झाली. १९८८ च्या कायद्यात तेच ५१ वं कलम झालं, त्यात भाडेपट्टा आणि नजरगहाणही आलं. ही ओळ असेपर्यंत फायनान्सरच्या लेखी संमतीशिवाय आरटीओ गाडी दुसऱ्याच्या नावावर करत नाही. हप्ते थकले आणि कंपनीने गाडी ताब्यात घेतली, तर तिला नवी आरसी थेट स्वतःच्या नावाने मागता येते. ओळ आली कंपनीच्या रक्षणासाठी, पण आज तिचा फायदा जुनी गाडी घेणाऱ्यालाच होतो, वाचली तर.

आता कंपन्यांकडे वळू. मद्रासला १९५४ मध्ये सुंदरम फायनान्स सुरू झाली आणि ट्रक-बसच्या हप्त्यांच्या धंद्यातलं मोठं नाव झाली. तिचा सुप्रीम कोर्टातला १९६६ चा केरळ सरकारविरुद्धचा खटला मला फार आवडतो. केरळ सरकार म्हणालं, तुम्ही भाडे-खरेदीवर गाड्या विकता, विक्रीकर द्या. कंपनी म्हणाली, छे, आम्ही कुठे विकतो? गिऱ्हाईक डीलरकडून स्वतः गाडी घेतं, आम्ही फक्त कर्ज देतो आणि तारण म्हणून हा कागद करतो. बहुमताने कोर्टाने ते मानलं: कागदाचं नाव काहीही असो, हे कर्ज आहे. गंमत बघा. गिऱ्हाइकासमोर तोच कागद भाड्याचा, आणि कर-खात्यासमोर कर्जाचा. ही कर चुकवण्याची वाट १९८२ च्या ४६ व्या घटनादुरुस्तीने बंद झाली. भाडे-खरेदीवर माल दिला की कर लागू, असं थेट राज्यघटनेतच लिहिलं गेलं.

गिऱ्हाइकाच्या बाजूने काही झालं का? झालं, कागदावर. विधी आयोगाने १९६१ मध्ये भाडे-खरेदीवर अहवाल दिला आणि १९७२ मध्ये संसदेने कायदा केला. करारात रोख किंमत वेगळी आणि हप्त्यांसकट किंमत वेगळी लिहायची. ठरावीक हिस्सा भरून झाल्यावर कोर्टाच्या हुकमाशिवाय गाडी उचलायची नाही. उत्तम कायदा. तो कधीच अमलात आला नाही. तेहतीस वर्षं तसाच पडून राहिला आणि २००५ मध्ये रद्द झाला. दरम्यान १९७९ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका ट्रकच्या प्रकरणात म्हटलं की करारातल्या हक्काने फायनान्सरने गाडी नेली तर ती चोरी-दरोडा नव्हे, दिवाणी भांडण आहे. वसुलीसाठी गुंड पाठवायचे नाहीत, हे याच कोर्टाने बँकांना ठणकावून सांगेपर्यंत २००७ उजाडलं.

त्या न झालेल्या कायद्याची किंमत आपण अजून भरतो, आणि ती 'फ्लॅट रेट' नावाने. भाडं म्हणजे व्याज नव्हे, त्यामुळे पूर्ण रकमेवर पूर्ण मुदतीचा आकार काढून मुदतीच्या एकूण महिन्यांनी भागायचा ही भाडे-खरेदीवाल्यांची जुनी रीत. आजही जुन्या गाडीच्या कर्जात हा दर ऐकू येतो. हिशोब करून बघा. सहा लाख, पाच वर्षं, फ्लॅट ७ टक्के. व्याज वर्षाला ४२ हजार, पाच वर्षांचं २ लाख १० हजार, हप्ता १३,५००. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असतं आणि व्याज मात्र शेवटपर्यंत सहा लाखांवर! घटत्या शिलकीवर मोजलं तर हाच हप्ता साडेबारा टक्क्यांचा आहे. सात ऐकून खूश होऊ नका, 'रिड्यूसिंगवर किती?' एवढं विचारा आणि लेखी घ्या.

खाजगी मोटारींच्या बाजारात हे सगळं बराच काळ दबलेलं होतं, कारण गाडीच मिळत नव्हती. फिॲट आणि ॲम्बॅसेडरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावायचा. १९८३ मध्ये मारुतीचं बुकिंग उघडलं तेव्हा लाखाहून जास्त लोकांनी आगाऊ पैसे भरले. अशा बाजारात जुनी गाडी स्वस्त नसते, उलट ताबडतोब मिळते म्हणून तिला वर पैसे पडतात. कोटक महिंद्रने १९९० च्या सुमारास ही नस बरोबर पकडली. मारुतीच्या गाड्या घाऊक बुक करून ठेवायच्या आणि आमच्याकडून कर्ज घ्या, गाडी लगेच घ्या, म्हणायचं. विकली जात होती ती रांग! पुढे रांगा संपल्या, नव्या खाजगी बँका आल्या आणि मोटारींसाठी भाडे-खरेदीची जागा नजरगहाणाने घेतली. यात गाडी पहिल्या दिवसापासून तुमची, बँकेचा फक्त बोजा. जुने लोक अजूनही सरसकट 'एच.पी.' म्हणतात. लीजचं उलट आहे. तिथे मालक लीज कंपनीच, मुदत संपली की गाडी परत, त्यामुळे घसाऱ्याची चिंता तिची आणि किलोमीटरची मर्यादा तुमची. कंपनीकडून गाडी मिळणाऱ्यांना ते पगाराच्या हिशोबात परवडतं, बाकीच्यांनी आकडेमोड करूनच ठरवावं.

आता आत्याचा प्रश्न, जुनी गाडी घेताना काय बघू. विकणारा म्हणेल, कर्ज केव्हाच फिटलंय. फिटलं असेलही. पण कर्ज फिटलं म्हणून ओळ आपोआप जात नाही. बँकेचं ना-हरकत पत्र आणि दोघांच्या सहीचा फॉर्म ३५ आरटीओत द्यावा लागतो, तेव्हा बोजा उतरतो. कितीतरी लोक पत्र कपाटात ठेवून विसरतात. आणि कर्ज देणारी एखादी लहान फायनान्स कंपनी असेल, तर १९९७ नंतर रिझर्व्ह बँकेचे नियम कडक झाल्यावर अशा बऱ्याच मिटल्या. मग ते पत्र आणायचं कुणाकडून? म्हणून क्रम असा ठेवा: आधी वाहन पोर्टलवर नंबर टाकून ओळ बघा, ओळ असेल तर ती विकणाऱ्याला उतरवू द्या, मग पूर्ण पैसे. कर्ज चालू असेल तर उरलेली रक्कम थेट बँकेच्या कर्जखात्यात भरा, विकणाऱ्याच्या हातात नाही.

विकणाऱ्यांनाही एक सांगते. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून कोरे कागद एजंटाला देऊन मोकळे होऊ नका. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हे प्रकरण होतं. विजय कुमारने गाडी २००७ मध्ये विकली, ती पुढे आणखी काही हातांतून फिरली आणि २००९ मध्ये अपघात झाला. आरसीवर नाव अजून विजय कुमारचंच. भरपाईची जबाबदारीही त्याच्यावरच आली, कारण कायद्याच्या लेखी मालक तो, ज्याचं नाव नोंदणीत आहे. मात्र कायद्याच्या याच व्याख्येत भाडे-खरेदी, लीज किंवा नजरगहाणाच्या गाडीचा मालक म्हणून ती ताब्यात असणारा धरला आहे. हप्ते चुकले की 'गाडी आमची' म्हणणारी कंपनी अपघाताच्या वेळी मालक नसते.

जुन्या गाड्यांच्या डीलरला गाडी देणार असाल तर २०२२ च्या अखेरीस आलेले नियम विचारा. अधिकृत डीलरकडे गाडी सोपवल्याची सूचना पोर्टलवर गेली की मधल्या काळात तोच मालक मानला जातो. डीलर तसा नोंदलेला आहे का हे विचारायला एक मिनिट लागतं. पोचपावतीची प्रिंट घेतल्याशिवाय दुसरी किल्ली देऊ नका.