चिलीम, गोळी आणि ब्रह्मज्ञान

पतंजलींच्या योगसूत्रांतील चौथ्या पादाचा आरंभ मोठा विचार करायला लावणारा आहे. सिद्धी कशाकशाने प्राप्त होतात याची गणना तेथे केली आहे, आणि जन्म, मंत्र, तप व समाधी यांच्या पंक्तीला ‘औषधी’लाही बसविले आहे. म्हणजे एखादी वनस्पती वा रसायन पोटात गेल्याने मनुष्याला काही अलौकिक अनुभव येतो, ही गोष्ट आमच्या शास्त्रकारांना चांगली ठाऊक होती. ती त्यांनी नाकारली नाही. पण त्याच ग्रंथात, त्याच्या आधीच्या पादात, सिद्धी या समाधीच्या वाटेतील विघ्न होत असेही बजावून ठेवले आहे. औषधीने सिद्धी मिळेल. ज्ञान मिळेल काय?

विसाव्या शतकात हा प्रश्न अमेरिकेहून फिरून आमच्या दारी आला. ज्या महाराष्ट्रीय दारापाशी तो येऊन थांबला, त्याचा एक धागा अमरावतीतल्या एका वैद्याच्या औषधालयापर्यंत पोचतो. आज तोच धागा थोडा उलगडून पाहावयाचा आहे.

परंतु वऱ्हाडात हा विषय काढायचा आणि शेगावची चिलीम टाळायची, हे अप्रामाणिकपणाचे होईल. गजानन महाराज 1878 च्या फेब्रुवारीत शेगावी प्रकट झाले. शेगाव त्या वेळी अकोला जिल्ह्यात होते. 1905 च्या फेरवाटणीत ते बुलढाण्याकडे गेले. महाराजांच्या तसबिरीत चिलीम आहे, जानकीराम सोनाराने तिच्यासाठी विस्तव नाकारल्याची कथा घरोघरी माहीत आहे. दासगणूंनी 1939 मध्ये ‘श्री गजानन विजय’ रचला, त्यात गांजाची ही प्रथा काशीहून आलेल्या एका गोसाव्याच्या नवसामुळे पडली असे सांगितले आहे. गोसाव्याचा हट्ट महाराजांनी आईने लेकराचा पुरवावा तसा पुरविला, आणि स्वतः मात्र त्यापासून अलिप्तच राहिले, असा त्या कथेचा आशय आहे. भाविकाने ती कथा श्रद्धेने घ्यावी. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तिच्यातला एक बारकावा टिपावा. ग्रंथकर्त्याला चिलीम लपवावीशी वाटली नाही, पण तिचे कारण सांगणे मात्र अवश्य वाटले. महाराजांचे महाराजपण चिलमीतून आले, असे तो चुकूनही कोठे म्हणत नाही.

त्या काळी गांजा ही काही चोरून ओढण्याची वस्तू नव्हती. सरकारी परवान्याच्या दुकानात ती मिळे आणि तिच्यावर कर असे. 1893 साली ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न उपस्थित झाल्यावरून सरकारने सात सभासदांचे एक कमिशन नेमले. त्याने 1,193 साक्षी नोंदविल्या आणि 1894 मध्ये अहवाल दिला. साधू, बैरागी, फकीर यांच्यात गांजा व भांग यांना धार्मिक मान आहे, महादेवाशी त्यांचे नाते जोडलेले आहे, हे कमिशनने विस्ताराने लिहिले. वेड्यांच्या इस्पितळांतील दप्तरे त्याने उलगडून पाहिली. तेव्हा ज्यांच्या नावापुढे ‘गांजाने वेड लागले’ असा शेरा होता, त्यांतल्या पुष्कळांच्या बाबतीत त्या शेऱ्याला आधारच सापडला नाही! बेताच्या सेवनाने सहसा अपाय होत नाही, अतिरेकाने होतो, सरसकट बंदी नको, असा कमिशनचा निष्कर्ष होता. सरकारला करही हवा होता, हे त्याबरोबर विसरू नये.

आता त्या वैद्याकडे वळू. काशिनाथ गोविंद उपासनी यांचा जन्म 1870 सालचा, नाशिक जिल्ह्यातल्या सटाण्याचा. आयुर्वेद शिकून त्यांनी अमरावतीस वैद्यकी थाटली, ‘भेषजरत्नमाला’ नावाचे वैद्यकीय मासिक चालविले आणि बऱ्यापैकी पैसा व नाव मिळविले. पुढे ग्वाल्हेरकडे जमिनीच्या व्यवहारात तो पैसा बुडाला. मन उद्विग्न झाले, तेव्हा ते ओंकारेश्वराकडे गेले आणि तेथे प्राणायाम करता करता त्यांचा श्वास अडला. शुद्ध आली, पण श्वसनाची ती व्यथा काही जाईना. (मध्यप्रांताला सरकारी देखरेखीखालचा गांजा पुरविणारा निमाड तो हाच. योगायोग म्हणून सांगितले. उपासनींच्या व्यथेशी त्याचा काही संबंध नाही.) जन्मभर दुसऱ्यांना मात्रा देणाऱ्या वैद्याला स्वतःवर एकही मात्रा चालेना. उपाय शोधीत 1911 च्या जूनमध्ये ते शिरडीस साईबाबांपुढे जाऊन उभे राहिले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमरावतीचे दादासाहेब खापर्डे शिरडीस मुक्कामाला गेले, तेव्हा उपासनीही तेथेच होते. गावाबाहेरच्या खंडोबाच्या देवळात त्यांनी काढलेले दिवस फार खडतर होते. पुढे साकोरीस त्यांचे स्थान झाले आणि 1941 मध्ये तेथेच त्यांनी देह ठेवला.

याच उपासनींपाशी 1915 मध्ये पुण्याचा एक इराणी तरुण आला. मेरवान शेरियार इराणी हे त्याचे नाव. जगाला तो मेहेरबाबा म्हणून ठाऊक आहे. सातएक वर्षांचा उपासनींचा सहवास त्याला लाभला. 1925 च्या जुलैत त्याने मौन धरले, ते अखेरपर्यंत. धुंदी ही गोष्ट मेहेरबाबांना अपरिचित होती असे मात्र कोणी समजू नये. ईश्वरप्रेमाने भान हरपलेल्यांना ते ‘मस्त’ म्हणत आणि अशा मस्तांच्या शोधात त्यांनी हिंदुस्थानभर पायपीट केली. डॉ. डंकिन यांनी 1948 मध्ये तिचा वृत्तांत ग्रंथरूपाने छापला. रस्त्याच्या कडेला चिंध्या पांघरून बसलेल्यांतला मस्त कोणता आणि नुसता नशेबाज कोणता, हे पारखण्यात त्यांचे आयुष्य गेले होते.

इकडे स्वित्झर्लंडात आल्बर्ट हॉफमन या रसायनज्ञाने 1938 मध्ये एल.एस.डी. तयार केले आणि 1943 मध्ये त्याचा परिणाम स्वतः अनुभवला. आल्डस हक्सलेने मेस्कलीन घेऊन 1954 मध्ये पुस्तक लिहिले. 1962 च्या गुड फ्रायडेला बॉस्टनमध्ये धर्मशास्त्राच्या वीस विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला. त्यांतल्या दहा जणांना सिलोसायबिन दिले होते. त्यांपैकी बहुतेकांना गूढानुभव आला आणि पंचवीस वर्षांनंतरही त्यांना तो मोलाचा वाटत होता. तेव्हा हे सारे ढोंग होते, असे म्हणून आपली सुटका होत नाही. 1963 मध्ये हार्वर्डमधून काढलेला रिचर्ड आल्पर्ट 1967 मध्ये नैनितालच्या बाजूस नीम करोली बाबांकडे गेला. त्यांनी गोळ्या गिळल्या आणि काहीच झाले नाही, असे पुढे त्यानेच लिहिले. रामदास म्हणून तो प्रसिद्धीस आला.

त्याच्या आधीच, 1965 मध्ये, एक अमेरिकन तरुण मजल दरमजल करीत अहमदनगरजवळ (आजचे अहिल्यानगर) मेहेरबाबांपाशी येऊन पोचला होता. गोळीने ईश्वर भेटतो काय, हाच त्याच्या पिढीचा सवाल. 1966 मध्ये मेहेरबाबांची उत्तरे ‘गॉड इन ए पिल?’ या पुस्तिकेत छापली गेली. खऱ्या साक्षात्काराच्या मानाने हे अनुभव म्हणजे मृगजळ, आणि शरीर, मन व साधना या तिन्हींस घातक, असे त्यांचे स्पष्ट मत होते. त्यांचे काही तरुण अनुयायी अमेरिकेतल्या कॉलेजांतून हेच सांगत फिरले.

हे ऐकून आपल्यापैकी अनेकांना समाधान वाटते. साहेबाच्या पोराला अखेर आमच्याकडेच यावे लागले! मला ते समाधान पटत नाही. त्या पोरांनी निदान प्रश्न विचारला. आमच्याकडे बाबांच्या नावावर चिलीम ओढणारा काहीच विचारीत नाही. त्याला वाटते, महाराजांचे अनुकरण झाले. गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराज हे वऱ्हाडचेच. व्यसनांविरुद्ध त्यांनी आयुष्यभर कीर्तने आणि खंजिरी गाजविली, ती अमेरिकनांसाठी नव्हे. 1985 च्या कायद्याने गांजावर देशभर बंदी आली. भांगेची पाने मात्र त्या व्याख्येतून वगळलेली आहेत.

मेहेरबाबांच्या उत्तरातला एक भाग सहसा कोणी सांगत नाही. जुनाट मद्यासक्तीसारख्या रोगावर, डॉक्टरच्या देखरेखीखाली, एल.एस.डी.चा उपयोग होऊ शकेल, हे त्यांनी मान्य केले होते. अमरावतीच्या वैद्याचा हा शिष्य औषधाला औषध म्हणून नाकारीत नव्हता. अलीकडे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सिलोसायबिनवर पुन्हा प्रयोग सुरू झाले. नैराश्यावर त्याचा उपयोग होतो काय, हे तेथे तपासले जात आहे. रोगी पलंगावर पडून असतो आणि डोस उतरेपर्यंत त्याच्याजवळ जाणते माणूस बसून राहते.