'लिव्हिन ला विदा लोका' : एका गाण्याचे दोन वारसे

एखादे गाणे गाजले की त्याने इतिहास घडवला, असे आपण सहज म्हणून जातो. पण तुम्ही इतिहासाच्या नजरेने पाहणार असाल, तर एक साधा प्रश्न विचारा : त्या गाण्यानंतर लोकांची काम करण्याची रीत बदलली का? रिकी मार्टिन या गायकाची ओळख बनलेले 'लिव्हिन ला विदा लोका' हे गाणे आपण या कसोटीवर तपासू.

पार्श्वभूमी

रिकी मार्टिनचा जन्म १९७१ मध्ये प्वेर्तो रिकोची राजधानी सान हुआन येथे झाला. १९८४ मध्ये तो 'मेनुदो' या किशोरवयीन मुलांच्या गायनगटात दाखल झाला. पुढे त्याचे चार स्पॅनिश अल्बम आले. फेब्रुवारी १९९९ मधील ग्रॅमी सोहळ्यात त्याने केलेल्या सादरीकरणाने अमेरिकी प्रेक्षकांचे लक्ष वेधले आणि त्यानंतर महिन्याभरातच हे इंग्रजी गाणे आले. ते डेस्मंड चाइल्ड आणि रोबी रोसा यांनी लिहिले होते. बिलबोर्डच्या मुख्य यादीत ते सलग पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले.

पहिला वारसा : भाषा

त्याच वर्षी जेनिफर लोपेझ, एन्रिके इग्लेसियास आणि सांताना यांचीही गाणी पहिल्या क्रमांकावर पोहोचली. वृत्तपत्रांनी याला 'लॅटिन स्फोट' म्हटले. हा शब्द जपून वापरा. प्वेर्तो रिकोच्या लोकांना १९१७ पासूनच अमेरिकेचे नागरिकत्व होते. 'ला बाम्बा' हे स्पॅनिश गाणे १९८७ मध्येच पहिल्या क्रमांकावर गेले होते, तर 'माकारेना' १९९६ मध्ये १४ आठवडे तिथे होते. म्हणजे संगीत आधीपासून होतेच, मोठ्या कंपन्यांचे लक्ष तिकडे उशिरा गेले.

शिवाय या प्रवेशाची एक अट होती. गाण्याचे नाव अर्धे इंग्रजी, अर्धे स्पॅनिश असले, तरी गाजलेली आवृत्ती मुख्यतः इंग्रजीत होती. २०१७ मध्ये प्वेर्तो रिकोच्याच लुइस फोन्सी आणि डॅडी यांकी यांचे मुख्यतः स्पॅनिश 'देस्पासितो' १६ आठवडे अग्रस्थानी राहिले. तेव्हाही जस्टिन बीबरच्या इंग्रजी ओळींचा हातभार होताच. मधल्या १८ वर्षांत इंटरनेटवर गाणी ऐकण्याची सवयही रुजली होती. त्यामुळे या बदलाचे सगळे श्रेय एका गाण्याला देता येत नाही.

दुसरा वारसा : स्टुडिओ

दुसरा वारसा कमी ठाऊक आहे, पण त्याचा पुरावा अधिक पक्का आहे. संपूर्णपणे 'प्रो टूल्स' या संगणक-प्रणालीत ध्वनिमुद्रित, संपादित आणि मिक्स होऊन पहिल्या क्रमांकावर पोहोचलेले पहिले गाणे म्हणून ते ओळखले जाते. मिक्सिंग चार्ल्स डाय यांनी केले.

यात विशेष काय, हे एका गणिताने पाहू. सीडीच्या दर्जाचा एक मोनो ट्रॅक सेकंदाला ४४,१०० नमुने घेतो आणि प्रत्येक नमुन्याला २ बाइट लागतात. म्हणजे मिनिटाला सुमारे ५.३ एमबी. समजा चार मिनिटांच्या गाण्यात असे ४८ ट्रॅक आहेत, तर सुमारे १ जीबी साठवण लागते. त्या काळच्या संगणकासाठी हा भार मोठा होता. म्हणूनच अनेक स्टुडिओ संगणकात संपादन करत, पण अंतिम मिक्सिंगसाठी मोठ्या कन्सोलकडेच वळत.

संगणकात मिक्सिंग केल्यावर प्रत्येक ट्रॅकची पातळी आणि प्रत्येक इफेक्टचे आकडे फाइलमध्ये जतन होतात. उद्या एखादा ट्रॅक थोडा हळू करायचा असेल, तर कन्सोलची सगळी बटणे पुन्हा जुळवत बसावे लागत नाही. टेप कापावी लागत नाही आणि मूळ ध्वनिमुद्रण शाबूत राहते. असे काम यादीत पहिले येऊ शकते हे दिसल्यावर 'संगणकावरचे मिक्सिंग फक्त कच्च्या कामासाठी' हा समज टिकणे अवघड झाले. आज तुमच्यापैकी कोणी वसतिगृहात लॅपटॉपवर गाणे मिक्स करत असेल, तर तो याच रीतीने काम करतो.

निष्कर्ष

२०२२ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने हे गाणे राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत घेतले. पण मानसन्मान म्हणजे वारसा नव्हे. भाषेच्या बाबतीत या गाण्याने जुन्याच प्रवाहाला वेग दिला. स्टुडिओच्या बाबतीत मात्र त्याने नवी रीत चालू शकते हे दाखवून दिले. हा फरक ओळखणे म्हणजेच इतिहास वाचणे.

स्वाध्याय : तुमच्या आवडीचे एक जुने गाणे निवडा. त्याची लोकप्रियता बाजूला ठेवून, त्यानंतर कामाची कोणती रीत बदलली, हे पाच ओळींत लिहा.