रेसिडेंट ईव्हिल: अपॉकॅलिप्स

रेसिडेंट ईव्हिल: अपॉकॅलिप्स हा इ.स. २००४ मध्ये प्रदर्शित झालेला इंग्लिश भाषेतील साहसपट व भयपट आहे. कॅपकॉम या जपानी कंपनीच्या ‘रेसिडेंट ईव्हिल’ या व्हिडिओ गेम मालिकेवर तो आधारित असून, २००२ साली आलेल्या ‘रेसिडेंट ईव्हिल’ या चित्रपटाचा तो उत्तरभाग आहे. अलेक्झांडर विट यांनी त्याचे दिग्दर्शन केले. पटकथा पॉल डब्ल्यू. एस. अँडरसन यांची आहे. मिला योव्होविच, सिएना गिलरी आणि ओडेड फेर यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. समीक्षकांनी या चित्रपटावर कठोर टीका केली, परंतु तिकीटबारीवर तो पहिल्या भागापेक्षा अधिक यशस्वी ठरला. खेळातील पात्रे, वेशभूषा व प्रसंग पडद्यावर निष्ठेने आणणे हे त्याचे बलस्थान मानले जाते. मात्र ज्या असहायतेवर मूळ खेळांतील भय उभे होते, ती चित्रपटात उरली नाही, हा त्याच्यावरील मुख्य आक्षेप आहे.

पार्श्वभूमी

‘रेसिडेंट ईव्हिल’ मालिकेतील पहिला खेळ १९९६ साली प्रकाशित झाला. जपानमध्ये ही मालिका ‘बायोहॅझर्ड’ या नावाने ओळखली जाते. शिंजी मिकामी हे पहिल्या खेळाचे दिग्दर्शक होते. ‘सर्व्हायव्हल हॉरर’, म्हणजे केवळ जिवंत राहणे हेच उद्दिष्ट असलेली भयकथा, हा खेळप्रकार लोकप्रिय करण्यात या मालिकेचा मोठा वाटा आहे. या खेळांत गोळ्या मोजक्याच मिळतात, जवळ बाळगता येणाऱ्या वस्तूंची संख्या मर्यादित असते आणि खेळातील प्रगती जतन करण्यासाठीही टंकलेखन यंत्राची शाईची फीत शोधावी लागते. सुरुवातीच्या खेळांत कॅमेरा एका जागी स्थिर असल्यामुळे वळणापलीकडे काय आहे ते खेळाडूला आधी दिसत नाही. शत्रूशी लढावे की गोळ्या वाचवून पळ काढावा, हा निर्णय त्याला पदोपदी घ्यावा लागतो.

चालत्या मृतदेहांची म्हणजेच झोंबींची आधुनिक चित्रपटीय कल्पना रूढ करणारे दिग्दर्शक जॉर्ज ए. रोमेरो यांनी ‘बायोहॅझर्ड २’ या खेळाची जपानमधील जाहिरात दिग्दर्शित केली होती. पहिल्या चित्रपटाची पटकथाही आरंभी त्यांच्याकडेच सोपवण्यात आली होती. तथापि ती स्वीकारली गेली नाही आणि काम अँडरसन यांच्याकडे आले. अँडरसन यांनी खेळातील नायक-नायिका बाजूला ठेवून ॲलिस हे नवे पात्र निर्माण केले. त्यामुळे पहिल्या चित्रपटात खेळातील परिचित पात्रे दिसली नाहीत आणि मूळ खेळांच्या चाहत्यांचा मोठा वर्ग नाराज झाला. उत्तरभागाच्या घडणीत ही नाराजी दूर करण्याचा प्रयत्न स्पष्ट दिसतो.

कथानक

अंब्रेला कॉर्पोरेशन ही बलाढ्य कंपनी रॅकून सिटी या शहराखालील ‘हाइव्ह’ नावाची बंद प्रयोगशाळा पुन्हा उघडते. तेथे झोंबी झालेले लोक बाहेर पडतात आणि टी-व्हायरस शहरभर पसरतो. कंपनी आपल्या महत्त्वाच्या व्यक्तींना बाहेर काढते आणि मेजर केन याच्या आदेशाने शहराबाहेर जाणारा पूल बंद करून नागरिकांना आतच कोंडते. दरम्यान ॲलिसला एका निर्जन रुग्णालयात शुद्ध येते. कंपनीने तिच्यावर प्रयोग केलेले असून विषाणूमुळे तिच्या अंगी अतिमानवी शक्ती आलेली असते.

निलंबित पोलीस अधिकारी जिल व्हॅलेंटाइन, तिचा सहकारी पेटन वेल्स आणि वार्ताहर टेरी मोरालेस हे एका चर्चमध्ये अडकले असता ॲलिस त्यांची सुटका करते. विषाणूचे जनक डॉ. चार्ल्स ॲशफर्ड दूरध्वनीवरून त्यांच्याशी संपर्क साधतात. त्यांची मुलगी अँजेला शहरातच राहिलेली असते. तिला शोधून आणल्यास शहराबाहेर पडण्याचा मार्ग सांगण्याचे ते कबूल करतात, कारण सूर्योदयाच्या वेळी कंपनी शहरावर अणुबाँब टाकणार असते. कंपनीने वाऱ्यावर सोडलेला सैनिक कार्लोस ऑलिव्हेरा यालाही हाच प्रस्ताव मिळतो. याच सुमारास कंपनी ‘नेमेसिस’ हा महाकाय सशस्त्र राक्षस शहरात सोडते.

अँजेला एका शाळेत सापडते. तिच्या आनुवंशिक आजारावर उपाय म्हणून वडिलांनी टी-व्हायरस तयार केला होता आणि कंपनीने तो त्यांच्याकडून हिरावून घेतला होता, हे येथे उघड होते. अँजेलाजवळच्या प्रतिविषाणूमुळे संसर्ग झालेल्या कार्लोसचे प्राण वाचतात. शेवटी केन सर्वांना पकडतो, ॲशफर्ड यांना ठार करतो आणि ॲलिसला नेमेसिसशी लढायला भाग पाडतो. नेमेसिस म्हणजे आपला पूर्वीचा साथीदार मॅट ॲडिसन आहे हे ॲलिसला उमगते आणि तो कंपनीवरच उलटतो. शहर बेचिराख होते. कंपनी या स्फोटाचे खापर अणुभट्टीतील अपघातावर फोडते आणि टेरीने केलेले चित्रीकरण बनावट ठरवले जाते. अखेरच्या प्रसंगात ॲलिस कंपनीच्या केंद्रातून बाहेर पडते, परंतु तिच्यावर कंपनीचे नियंत्रण कायम असल्याचे सूचित होते.

प्रमुख कलाकार

मिला योव्होविच – ॲलिस
सिएना गिलरी – जिल व्हॅलेंटाइन
ओडेड फेर – कार्लोस ऑलिव्हेरा
थॉमस क्रेचमान – मेजर केन
जॅरेड हॅरिस – डॉ. चार्ल्स ॲशफर्ड
सोफी व्हॅव्हासूर – अँजेला ॲशफर्ड
माइक एप्स – एल.जे.
रझाक अडोटी – पेटन वेल्स
सँड्रिन होल्ट – टेरी मोरालेस
मॅथ्यू जी. टेलर – नेमेसिस
इयन ग्लेन – डॉ. आयझॅक्स

निर्मिती

पहिल्या भागाचे दिग्दर्शन अँडरसन यांनीच केले होते. मात्र ‘एलियन व्हर्सेस प्रेडेटर’ या चित्रपटात गुंतल्यामुळे उत्तरभागासाठी त्यांनी लेखन व सहनिर्मिती एवढीच जबाबदारी घेतली. मूळचे चिलीचे असलेले अलेक्झांडर विट हे छायालेखक आणि दुय्यम चित्रीकरण पथकाचे दिग्दर्शक म्हणून नावाजलेले होते. संपूर्ण चित्रपटाचे दिग्दर्शन ते प्रथमच करत होते. पुढे ‘कसिनो रॉयाल’ आणि ‘स्कायफॉल’ या जेम्स बाँडपटांतील दुय्यम पथकाचे दिग्दर्शनही त्यांनी केले. संकलन एडी हॅमिल्टन यांचे व पार्श्वसंगीत जेफ डॅना यांचे आहे.

चित्रीकरण मुख्यतः कॅनडातील टोरंटो शहरात झाले. तेथील नगरसभागृहाची वक्राकार इमारत आणि प्रिन्स एडवर्ड व्हायाडक्ट हा पूल रॅकून सिटीचा भाग म्हणून वापरण्यात आला. नेमेसिस हे पात्र प्रामुख्याने संगणकाने न घडवता, उंचपुऱ्या टेलर यांना अवजड पोशाख व मुखवटा घालून साकारले गेले. चित्रपटाची पूर्वझलक एखाद्या त्वचाप्रसाधनाच्या जाहिरातीसारखी बनवण्यात आली होती. जाहिरात पुढे सरकल्यावर ते उत्पादन अंब्रेला कंपनीचे असल्याचे प्रेक्षकांच्या लक्षात येत असे.

मूळ खेळांशी नाते

चित्रपटाचा मुख्य आधार १९९९ सालचा ‘रेसिडेंट ईव्हिल ३: नेमेसिस’ हा खेळ आहे. नष्ट होऊ घातलेले शहर, जिल, कार्लोस, भाडोत्री सैनिक निकोलाय आणि नेमेसिस हे सारे त्यातूनच आले आहे. जिलचा निळा पोशाख खेळातल्याप्रमाणेच आहे. ॲशफर्ड हे आडनाव २००० सालच्या ‘कोड: व्हेरोनिका’ या खेळातील घराण्याचे आहे. हेलिकॉप्टरमधून होणाऱ्या गोळीबारापुढे ॲलिस काचेच्या खिडक्यांलगत धावते, तो प्रसंगही त्याच खेळाच्या प्रारंभीच्या दृश्याची आठवण करून देतो.

बदलही महत्त्वाचे आहेत. खेळात जिल हीच नायिका आहे. चित्रपटात ती ॲलिसची साहाय्यक होते. खेळात नेमेसिसमुळे जिलला संसर्ग होतो आणि कार्लोस तिच्यासाठी रुग्णालयातून लस आणतो. चित्रपटात संसर्ग कार्लोसला होतो आणि जिलच्या वाट्याचा हा संपूर्ण प्रवास गळून पडतो. खेळातील निकोलाय हा विश्वासघातकी खलनायक आहे, तर चित्रपटात तो अल्पकाळ दिसणारा साधा सैनिक आहे. खेळातील नेमेसिसला मानवी भूतकाळ नाही; चित्रपटात मात्र त्याच्या आत मॅट ॲडिसन आहे.

बलस्थाने

अनुकूल मत नोंदवणाऱ्यांनी सर्वप्रथम चित्रपटाच्या वेगाचा उल्लेख केला आहे. सुमारे दीड तासाच्या अवधीत कथा फारशी थांबत नाही आणि सूर्योदयाची मुदत सतत डोक्यावर टांगलेली राहते. पहिला भाग बंदिस्त भुयारांत घडत होता. येथे संपूर्ण शहर कोसळताना दिसते. पुलाचे दार बंद करून नागरिकांवर बंदुका रोखल्या जातात, हा प्रसंग चित्रपटातील सर्वांत परिणामकारक प्रसंगांपैकी एक आहे. त्यात भय झोंबींचे नसून, माणसांच्या जिवापेक्षा गुपित मोलाचे मानणाऱ्या कंपनीचे आहे. शेवटी सत्य दडपले जाते तेव्हा हाच धागा पूर्ण होतो.

सिएना गिलरी यांच्या जिलचे चाहत्यांनी विशेष स्वागत केले. केवळ पोशाखच नव्हे, तर उभे राहण्याची व पिस्तूल धरण्याची ढबही त्यांनी खेळातून उचलली आहे. प्रत्यक्ष पोशाखातून साकारलेल्या नेमेसिसला पडद्यावर वजन व अस्तित्व लाभले आहे. शाळेतील अंधाऱ्या खोल्यांचा भाग भयपटाच्या रूढ तंत्राने, संथपणे उलगडतो. तेथे ॲलिस बराच काळ दूर असल्याने इतर पात्रांच्या जिवाची काळजी वाटते. एल.जे. या पात्राच्या विनोदाविषयी मात्र मतभेद आहेत.

उणिवा

सर्वांत गंभीर आक्षेप ॲलिसच्या अतिमानवी शक्तीविषयी आहे. चर्चची रंगीत काच फोडून ती मोटारसायकलसह आत येते आणि ज्या प्राण्यांपुढे तीन सशस्त्र माणसे हतबल झाली होती, त्यांना क्षणात संपवते. हा प्रसंग प्रेक्षणीय असला तरी त्यानंतर तिच्या जिवाला खरा धोका उरत नाही. खेळात एका पिशवीत मावतील एवढीच साधने घेऊन वावरणाऱ्या जिलसाठी प्रत्येक गोळी मोलाची असते. चित्रपटात गोळ्या संपण्याची चिंता क्वचितच भेडसावते. वेश, नावे व स्थळे खेळातली असूनही त्यांच्यामागील टंचाईचा नियम सुटल्यामुळे भयपटाचे रूपांतर हाणामारीच्या चित्रपटात झाले.

नेमेसिसच्या बाबतीतही हेच घडते. खेळात तो एका दालनातून दुसऱ्या दालनात पाठलाग करतो; दार लावून घेतले तरी सुटका नसते आणि तो पुन्हा केव्हा येईल हे ठाऊक नसते. चित्रपटात त्याच्या हालचाली कंपनीच्या नियंत्रण कक्षातून दाखवल्या जातात, त्यामुळे अनिश्चितता नाहीशी होते. त्याच्यातील माणूस जागा होण्याची कल्पना करुण आहे. परंतु मॅटची ओळख पहिल्या भागावर विसंबून असल्याने आणि तिला पुरेसा वेळ न मिळाल्याने त्याचे मनपरिवर्तन घाईने उरकल्यासारखे वाटते.

तांत्रिक बाजूने संकलनावर टीका झाली. मारामारीच्या प्रसंगांत चित्रचौकटी इतक्या झपाट्याने बदलतात की कोण कोणाला मारतो आहे हे समजणे अवघड जाते. झोंबींची काही दृश्ये अडखळत्या, धूसर मंदगतीने दाखवली आहेत. त्यामुळे त्यांची भीती वाढण्याऐवजी त्यांचे स्वरूपच अस्पष्ट होते. संवाद साचेबद्ध आहेत आणि पेटन व टेरी यांसारखी पात्रे ओळख होण्यापूर्वीच मरतात. शिवाय, इतक्या मोठ्या शहरातील हजारो नागरिक पूल बंद झाल्यानंतर जवळजवळ दिसेनासे होतात.

प्रतिसाद

चित्रपट अमेरिकेत १० सप्टेंबर २००४ रोजी प्रदर्शित झाला आणि पहिल्या आठवडाअखेरीस तेथील तिकीटबारीवर अग्रस्थानी राहिला. सुमारे ४.५ कोटी डॉलर खर्चून बनलेल्या या चित्रपटाने जगभरात सुमारे १२.९ कोटी डॉलरांचा गल्ला जमवला. त्यातील निम्म्याहून अधिक वाटा उत्तर अमेरिकेबाहेरचा होता. पहिल्या भागाची जागतिक कमाई सुमारे १०.३ कोटी डॉलर होती.

समीक्षकांचे मत मात्र प्रतिकूल राहिले. रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावर संकलित समीक्षांपैकी सुमारे पाचांत एकच अनुकूल आहे. अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी चारपैकी अर्धा तारा दिला. प्रेक्षक व समीक्षक यांच्यातील ही दरी मालिकेच्या पुढील भागांतही कायम राहिली.

वारसा

या यशामुळे ‘एक्स्टिंक्शन’ (२००७), ‘आफ्टरलाइफ’ (२०१०), ‘रेट्रिब्यूशन’ (२०१२) आणि ‘द फायनल चॅप्टर’ (२०१६) हे पुढील भाग निघाले. सहा चित्रपटांची एकत्रित कमाई १२० कोटी डॉलरांहून अधिक आहे. जिल तिसऱ्या भागात नाही. ‘आफ्टरलाइफ’च्या अखेरीस तिचे ओझरते दर्शन होते आणि ‘रेट्रिब्यूशन’मध्ये ती पुन्हा महत्त्वाच्या भूमिकेत येते.

ॲलिसची ‘अपॉकॅलिप्स’मधील शक्ती ‘एक्स्टिंक्शन’मध्ये आणखी वाढवण्यात आली. त्यानंतर ‘आफ्टरलाइफ’च्या आरंभीच एका इंजेक्शनने ती काढून घेतली जाते आणि नायिका पुन्हा सामान्य माणूस होते. अजिंक्य नायिकेमुळे भयकथा चालवणे कठीण होते हा दुसऱ्या भागावरील आक्षेप, या वळणामुळे मालिकेच्या कथानकातच उमटलेला दिसतो. २०२१ साली ‘रेसिडेंट ईव्हिल: वेलकम टू रॅकून सिटी’ या चित्रपटाने मालिकेची नव्याने सुरुवात केली. त्यात ॲलिस नाही. खेळांतील मूळ पात्रांनाच केंद्रस्थान देण्यात आले आहे.