तलाव कोणाच्या ताब्यात? भंडाऱ्याच्या मालगुजारी तलावांचा धडा

भंडारा शहराला लागून असलेल्या बेला ग्रामपंचायतीला २०२४च्या डिसेंबरात राष्ट्रीय पंचायत पुरस्कारांत कार्बन न्यूट्रल विशेष पंचायत पुरस्कार मिळाला. २०२० साली ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू झाल्यापासून राज्यातल्या गावागावांत झाडे, कचरा, सांडपाणी, सौरदिवे यांचे आराखडे होऊ लागले. त्यातून एका गावाने देशपातळीवर नाव काढले, याचा अभिमान जिल्ह्याने जरूर बाळगावा. पण भंडाऱ्यासारख्या धानाच्या जिल्ह्यात गावाचा हवामान आराखडा झाडांपासून आणि दिव्यांपासून सुरू होत असेल, तर तो मधूनच सुरू होतो. इथल्या खेड्यांचा धूर जगाच्या हिशेबात नगण्य आहे. लहरी पावसाचा फटका मात्र थेट त्यांच्या धानाच्या बांध्यांत बसतो. त्या लहरीपणाशी जुळवून घेण्याची योजना या गावांनी अडीच-तीनशे वर्षांपूर्वीच उभी केली होती आणि तिच्या मध्यभागी तलाव होता. ती योजना गाळाने बुजली असे आपण समजतो. माझ्या मते ती त्याआधीच मोडली होती. १९५१ साली तलावाची मालकी बदलली, पण त्याची जबाबदारी गावाकडे आली नाही. आजच्या आराखड्यांना काही शिकायचे असेल तर ते त्या चुकीपासून.

आधी तलावच का, हे पाहावे लागते. भंडाऱ्यात वर्षाला सरासरी १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हा आकडा ऐकून हेवा वाटेल. पण जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये, तोही मोजक्या दिवसांत कोसळतो. खाली कठीण खडक असल्यामुळे पाणी मुरते थोडे आणि उतारावरून वैनगंगेकडे धावते जास्त. धानाला मात्र दोन वेळा पाणी चुकून चालत नाही. पहिली वेळ पऱ्हे, म्हणजे रोपे, उपटून रोवणी करताना आणि दुसरी लोंबीत दाणा भरताना, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. ऑगस्टमध्ये बांध्या तुडुंब आणि ऑक्टोबरमध्ये भेगाळलेल्या, असे झाले की हंगामाची सरासरी भरूनही धान पळींज, म्हणजे पोकळ, जाते. हे तलाव दोन-दोन वर्षांचा दुष्काळ पेलण्यासाठी बांधलेलेच नव्हते. ऑगस्टचे पाणी ऑक्टोबरपर्यंत थोपवून धरणे, एवढेच त्यांचे काम होते. आज हवामानबदलाच्या चर्चेत पावसाच्या अनियमिततेचा जो धोका वारंवार सांगितला जातो, त्याच धोक्यासाठी ही रचना झाली होती.

ती उभी करणाऱ्यांत कोहळी समाजाचे नाव पहिले घ्यावे लागते. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात वैनगंगेच्या खोऱ्यातल्या या लहानशा शेतकरी जातीची ओळखच मोठ्या तलावांचे बांधकाम करणारे अशी दिली आहे. धान आणि ऊस ही त्यांची पिके. गोंड राजाने त्यांना काशीहून आणले, असे त्यांची परंपरा सांगते. ही कथा खरी असो वा नसो, गोंड राजवटीचे धोरण मात्र तिच्यात नेमके दिसते. चांद्याच्या गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला त्या पाण्याखाली येणारी जमीन देण्याचा रिवाज पाडला होता. राजाने स्वतः तलाव खणण्याऐवजी तलाव खणणे फायद्याचे ठरेल अशी व्यवस्था केली. नवेगावबांधचा अफाट तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला आणि लोकांनी त्यांना कोलासूर देव म्हणून पुजले. १९९९ साली जिल्हा विभागला गेल्यावर नवेगावबांध गोंदियात गेला, पण इतिहास दोन्ही जिल्ह्यांचा एकच आहे. अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९७ साली संपादित केलेल्या ‘डाइंग विस्डम’ या ग्रंथात जुन्या भंडारा जिल्ह्यातल्या तलावांची संख्या ४३,३८१ दिली आहे. एवढा मोठा आकडा समजून घ्यायचा तर शेतकऱ्याच्या एकट्याच्या बोडीपासून, म्हणजे छोट्या तळ्यापासून, मैलोगणती पसरलेल्या बांधापर्यंत सगळे डोळ्यांसमोर आणावे लागते.

एखादा जुना तलाव जवळून पाहिला की त्यामागचा विचार कळतो. दोन टेकड्यांच्या मध्ये सखल जागा हेरून मातीची पाळ घातलेली असते. पाळीच्या पोटात तुडूम, म्हणजे पाणी सोडण्याची मोरी. तिची तोंडे वेगवेगळ्या उंचीवर आणि खुंट्यांनी बंद केलेली. वरचे पाणी वापरून झाले की त्याखालची खुंटी काढायची, म्हणजे किती पाणी गेले आणि किती उरले याचा हिशेब साऱ्या गावाला उघड्या डोळ्यांनी दिसतो. एका बाजूला सलंग, जादा पाणी पाळ न फोडता बाहेर पडावे म्हणून ठेवलेली वाट. तिथून निघालेले पाणी खालच्या तलावात, तिथून त्याच्या खालच्या बोडीत. अतिवृष्टीच्या दिवशी अशी साखळी पुराचा जोर पायरीपायरीने मोडते आणि उघडिपीत तेच पाणी परत देते. पाळीच्या समोरच्या बाजूला, जिथे पाणी हळूहळू उथळ होत जाते, तिथे देवधान आणि इतर पाणवनस्पती वाढतात, मासे अंडी घालतात, पक्षी उतरतात. पाणी उतरले की ती ओलसर जमीन आणि गाळ वापरात येतो. शेतकरी, मासेमारी करणारे ढिवर, गुराखी आणि पाखरे या सगळ्यांचा वाटा त्या एका उतारावर ठरलेला होता.

माती आणि लाकूड यांच्याइतकाच या रचनेचा भाग म्हणजे तिचे नियम. १८६०च्या दशकात इंग्रजांच्या बंदोबस्तात गावचा सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांना गावाची मालकी मिळाली, आणि त्याचबरोबर गावचे रिवाज ‘वाजिब-उल-अर्ज’ या दस्तात उतरवले गेले. त्यात पाणी, चराई, सरपण आणि वाटा यांवरचे हक्क नोंदले जात. म्हणजे कोणत्या वर्षी कोणी काय करायचे आणि कोणाला काय मिळायचे, याचा लेखी आधार गावापाशी होता. आज आपण ज्याला स्थानिक कृती आराखडा म्हणतो, त्याचा गाभा हाच.

इथे रास्त आक्षेप येतो की हे मालगुजारीचे उदात्तीकरण झाले. पाळीची माती वाहणारे हात बहुतेक वेळा बिगारीचे होते. पाण्यावर शब्द मालगुजाराचा चालत असे, ढिवरांना मासेमारीसाठी त्याची मर्जी सांभाळावी लागे, आणि भूमिहीनाच्या वाट्याला तलाव येई तो आंघोळीपुरता आणि गुरांच्या पाण्यापुरता. १८९६-९७ आणि १८९९-१९००च्या दुष्काळांत मध्य प्रांत होरपळला, तेव्हा ही व्यवस्था सगळ्यांना वाचवू शकली नाही. हे सारे मान्य केलेच पाहिजे. मालगुजारी गेली ते योग्यच झाले. माझे म्हणणे एवढेच की गावाची सत्ता एका घराण्याच्या हातात असणे ही एक गोष्ट आणि तलावाची देखभाल व वाटप गावातच ठरणे ही दुसरी. पहिली मोडताना दुसरी वाचवता आली असती.

तसे घडले नाही. मध्य प्रदेशचा मालकी हक्क निर्मूलन कायदा १९५०चा. ३१ मार्च १९५१ पासून तो लागू झाला आणि मालगुजारांचे तलाव सरकारजमा झाले. शेतकऱ्याच्या वहिवाटीच्या जमिनीतल्या बोड्या खाजगी राहिल्या. १९५६ साली विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. १९६२ साली जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर १०० हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव त्यांच्याकडे आणि त्याहून मोठे पाटबंधारे खात्याकडे, अशी विभागणी झाली. पाणी निस्तार हक्काने, म्हणजे रोजच्या गरजांसाठीच्या गावाच्या पारंपरिक हक्काने, मोफत मिळायचे ही गावांची धारणा आणि पाणीपट्टी भरा हा सरकारचा आग्रह, यांत वर्षानुवर्षे वाद चालले. मासेमारीचा ठेका वेगळा, तलावाच्या वरच्या बाजूचे जंगल वन खात्याचे, गाळाची जमीन महसुलाची. एका तलावाचे चार तुकडे झाले आणि गावाच्या हातात त्यातला एकही पूर्ण राहिला नाही. कोणी पाळीवर माती टाकायची हा प्रश्न अर्जाचा विषय झाला. तुडूम गळू लागले, सलंगा फुटल्या, उथळ काठांवर अतिक्रमणे झाली. पूर्व विदर्भातल्या सुमारे सात हजार माजी मालगुजारी तलावांची कहाणी थोड्याफार फरकाने अशीच आहे.

दुरुस्तीच्या योजना आल्या नाहीत असे नाही. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही २०१७ची योजना त्यांतली एक. गाळ काढणे आवश्यकच आहे. पण यंत्राने तळ खरवडून तलावाचा सरळ भिंतींचा खड्डा केला की साठा वाढतो आणि उथळ काठ नाहीसा होतो. देवधान जाते, मरळ आणि वाघूर यांसारख्या माशांची वीण थांबते. नुकसान ढिवरांचे होते, आणि आराखड्यात त्याची नोंदही नसते. याउलट भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि भंडारा-गोंदियातल्या ढिवर समाजाच्या सहकारी संस्था यांनी एकत्र येऊन काही तलावांतली बेशरमाची झुडपे उपटली, काठावर स्थानिक पाणवनस्पती लावल्या आणि मूळच्या माशांना पुन्हा जागा करून दिली. या कामात ढिवर महिला पुढे राहिल्या. पूर्वी ज्यांचा शब्द पाळीपर्यंत पोचत नव्हता, त्यांनीच तलाव सुधारण्याची रीत दाखवली. मालगुजाराशिवायही गावाची व्यवस्था उभी राहू शकते, याचा हा पुरावा आहे.

दुसरा आक्षेप मोठ्या धरणांचा. पवनी तालुक्यात वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली, पुढे तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला. मग या जुन्या डबक्यांची गरज काय, असे विचारले जाते. उत्तर नकाशात आहे. कालवा त्याच्या पातळीखालच्या जमिनीला भिजवतो. टेकड्यांच्या कुशीतल्या, नाल्यांच्या उगमाकडच्या गावांना तो पाणी देऊ शकत नाही. तलाव नेमके तिथे आहेत. शिवाय मोठे धरण पुराचा निर्णय गावापासून दूर नेते. २०२० साली ऑगस्टच्या शेवटी मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून पाणी सोडले गेले आणि वैनगंगेने भंडारा शहरासह काठची गावे बुडवली. छोट्या तलावांनी तो पूर अडवला असता असा दावा कोणी करू नये. पण नदीत येणारे पाणी हजारो ठिकाणी थोडे थोडे थांबवणारी रचना ढासळत असताना सगळा भरवसा काही मोजक्या दरवाजांवर ठेवणे शहाणपणाचे नाही, एवढे त्या पुराने सांगितले.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हवामान इतके बदलले आहे की पूर्वजांच्या अनुभवावर बांधलेली रचना आता पुरी पडणार नाही, असे तज्ज्ञ म्हणतात. यात तथ्य आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे भू. ना. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ साली ‘सायन्स’मध्ये १९५१ ते २०००च्या नोंदींवरून दाखवले की मध्य भारतात मुसळधार पावसाच्या घटना वाढत आहेत आणि मध्यम पावसाच्या कमी होत आहेत. म्हणजे जुनी सलंग नव्या ढगफुटीला अरुंद पडेल, पाळीची उंची पुन्हा मोजावी लागेल. अभियंत्यांचे काम इथे आहेच. पण हाच निष्कर्ष तलावाची गरजही वाढवतो, कारण मध्यम पाऊस घटला की जोराच्या सरीचे पाणी पुढच्या उघडिपीसाठी धरून ठेवण्यावाचून धानाला दुसरा आधार उरत नाही.

शेवटी म्हटले जाते की आजचे गाव एकदिलाचे नाही. वरच्या बांधीवाल्याला पाणी लवकर हवे, खालच्याला उशिरा. ढिवरांना तळात पाणी राखायचे, उन्हाळी धानवाल्याला ते उपसायचे. हे खरे आहे, आणि म्हणूनच नियम लेखी हवेत. त्यासाठी नवा कायदाही लागत नाही. १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत विदर्भासाठी निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांची तरतूद आजही आहे. गावातल्या बिनवहिवाटीच्या जमिनीच्या व्यवस्थापनाचे निस्तारपत्रक जिल्हाधिकाऱ्याने करायचे, मसुदा गावात प्रसिद्ध करायचा, रहिवाशांचे म्हणणे ऐकून तो पक्का करायचा, आणि ग्रामपंचायतीने मागणी केल्यास त्यात बदल करता येतो. १९९२च्या ७३व्या घटनादुरुस्तीने लघुसिंचन आणि मत्स्यव्यवसाय हे विषय पंचायतींच्या यादीत आधीच घातले आहेत. हक्क कागदावर आहे, त्याचा वापर होत नाही.

म्हणून भंडाऱ्यातल्या ग्रामपंचायतींनी हवामान आराखड्याचे पहिले पान तलावासाठी राखावे. त्यावर पाळ, तुडूम आणि सलंग यांची सद्यस्थिती, काठाची हद्द, तळात राखायचे पाणी, पाऊस लांबल्यास वाटपाचा क्रम, आणि मासेमारी करणाऱ्यांचा, भूमिहीनांचा आणि महिलांचा वाटा ग्रामसभेत ठरवून लिहावा. जिल्हा परिषदेने दुरुस्तीच्या निधीबरोबर निर्णयाचा अधिकारही त्या सभेकडे सोपवावा. १९५१ साली तलाव मालगुजाराकडून सरकारकडे गेला. तो गावाकडे यायचा राहिला आहे, आणि बदलत्या पावसाने ही उरलेली पायरी आता टाळता येणार नाही अशा जागी आणून ठेवली आहे.