शाळा सोडण्याचे कारण

शाळा सोडल्याच्या दाखल्यात एक रकाना असतो, 'शाळा सोडण्याचे कारण'. शहापूर-मुरबाडकडे नोकरीत असताना असे कितीतरी दाखले मी हाताने लिहिले. मुलगा असला की 'पुढील शिक्षणासाठी'. मुलगी असली की बहुधा 'पालकांच्या विनंतीवरून'. त्या विनंतीमागे लग्न आहे, धाकटी भावंडे आहेत की भाताची लावणी, हे दाखला सांगत नाही. मुलीला कोणी विचारले होते का, हे तर नाहीच नाही.

हा रकाना आठवायला निमित्त झाली 'डॉक्टर हू' ही बीबीसीची मालिका. आमच्या नातीमुळे मी ती पाहू लागले. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. डॉक्टर हा परग्रहावरचा कालप्रवासी. निळ्या पोलीस-खोक्यासारख्या दिसणाऱ्या यानातून भूत-भविष्यात हिंडतो. मरणाच्या दारात पोचला की त्याचे रूप बदलते (म्हणजे नट बदलायची सोय!). आणि बहुतेक वेळा त्याच्याबरोबर पृथ्वीवरची एखादी मुलगी असते. २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झालेली ही मालिका १९८९ मध्ये थांबली आणि २००५ मध्ये पुन्हा आली.

आमच्या पिढीला ज्यूल व्हर्न भेटला तो भा. रा. भागवतांमुळे. त्याच्या चंद्राकडे निघालेल्या गोळ्यात तीन पुरुष. स्त्रीजातीत म्हणाल तर डायना नावाची कुत्री आणि काही कोंबड्या! पृथ्वीच्या पोटात काका-पुतणे उतरतात, पुतण्याची ग्रौबेन मात्र हँबर्गला घरीच राहते.

तेव्हा १९६३ साली यानात दोघीजणी चढल्या हे थोडे नव्हते. एक डॉक्टरची नात सुसान आणि दुसरी तिची शिक्षिका बार्बारा राईट. विषय इतिहास! (माझाही तोच, म्हणून मी लगेच तिच्या बाजूची झाले.) मालिकेची पहिली निर्माती व्हेरिटी लँबर्ट २७ वर्षांची होती, आणि पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसेन मूळ लखनौचा, लेखिका अतिया हुसेन यांचा मुलगा.

१९६४ च्या अॅझ्टेक कथेत लोक बार्बाराला देवीचा अवतार समजतात. अधिकार हाती आला आहे तर नरबळीची चाल मोडावी, असे ती ठरवते. इतिहास बदलता येत नाही म्हणून डॉक्टर तिला बजावतो. ती ऐकत नाही. हरते, पण तिच्यामुळे एका पुजाऱ्याचे मन पालटते. पुढे १९६५ मध्ये ती आणि तिचा सहकारी शिक्षक इयान परत जायचे स्वतः ठरवतात. डॉक्टर रागावतो, तरी जातात. तिच्या दाखल्यावर 'स्वतःच्या इच्छेने' लिहावे लागेल.

सुसानचे तसे नाही. तिचे एका तरुणावर प्रेम असते, पण आजोबांना सोडवत नाही. शेवटी आजोबाच यानाचे दार बाहेरून उघडणार नाही असे लावतात आणि तिला मागे ठेवून निघून जातात. पाहताना डोळे भरून येतात. पण 'पालकांच्या विनंतीवरून' ते हेच की!

पुढे कित्येक वर्षे हेच चालले. १९७० ची लिझ शॉ केंब्रिजची शास्त्रज्ञ. डॉक्टर बोलतो ते तिला आधीच कळते, मग प्रेक्षकांसाठी प्रश्न कोण विचारणार? एका हंगामात ती गेली. निरोपाचा प्रसंगही नाही, पटावरून नाव कमी! लीला ही शूर शिकारीण, १९७८ मध्ये जवळजवळ काही पूर्वसूचना नसताना तिचे लग्न लावून दिले. पत्रकार सारा जेनला १९७६ मध्ये डॉक्टरने घरी सोडले, कारण त्याच्या ग्रहावर माणसांना मज्जाव. २००६ मध्ये ती परत भेटली, तेव्हा कळले की क्रॉयडन म्हणून तिला उतरवले होते चक्क अॅबरडीनला. इतकी वर्षे ती वाट पाहत होती. म्हणजे तीस वर्षांनी का होईना, लेखकांनी तो रकाना पुन्हा उघडला.

मला सगळ्यात लागले ते डोनाचे. २००८ मध्ये तिचा जीव वाचवण्यासाठी डॉक्टर तिच्या सगळ्या प्रवासाची आठवण पुसून टाकतो, ती नको नको म्हणत असताना. हेतू चांगलाच. चांगला हेतू पालकांचाही असतो. २०१५ मध्ये क्लारावर तीच पाळी येते. ही त्याच शाळेतली शिक्षिका, जिथे बार्बारा शिकवत होती. क्लारा साफ नकार देते, माझा भूतकाळ माझा म्हणते. आठवण जाते ती डॉक्टरची. डोनाची आठवण परत यायला मात्र २०२३ साल उजाडले.

२०१८ पर्यंत डॉक्टरच बाई झाली होती. तेव्हाची सोबतीण शेफील्डची यास्मिन खान. फाळणीवरच्या भागात (लेखक विनय पटेल) ती १९४७ च्या पंजाबात आजीच्या तरुणपणात जाते. आजीचे पहिले लग्न एका हिंदूशी होते आणि नवऱ्याचा जीव जातो त्याच्या सख्ख्या भावामुळे. यास्मिनला काहीच बदलता येत नाही, नाहीतर ती स्वतःच जन्मणार नाही. बार्बाराच्या वेळी तो डॉक्टरचा नियम होता. इथे यास्मिन स्वतःच्या घरचा इतिहास उघड्या डोळ्यांनी पाहते, आणि परतल्यावर आजीला काय विचारायचे नाही हे तिचे ती ठरवते.

२०२२ मध्ये यास्मिन यानातून उतरली, तेव्हा जुन्या सोबत्यांची एक बैठक दाखवली. आपल्याकडच्या माजी विद्यार्थी मेळाव्यासारखीच, खुर्च्या मांडून. इयानही आला होता. विल्यम रसेल तेव्हा ९७ वर्षांचे होते. बार्बारा नव्हती. तिचे काम करणाऱ्या जॅकलिन हिल १९९३ मध्येच गेल्या.