‘चिलखती डायनासोर’ : शब्दाचा अर्थ, वापर आणि भारतातील तीन नोंदी

साक्कोट्टै (तामिळनाडू) : कुंभकोणमलगतच्या साक्कोट्टै परिसरातील भातशेती नदीच्या तुलनेने अलीकडच्या गाळावर उभी आहे. येथून वायव्येला, कोल्लिडम नदीपलीकडे अरियलूर जिल्ह्यात मात्र कावेरी खोऱ्याचे कोट्यवधी वर्षे जुने सागरी खडक जमिनीवर उघडे पडले आहेत. याच खडकांतील हाडांवरून १९७९ मध्ये भारताला ‘द्रविडोसॉरस’ हे नाव मिळाले. हा प्राणी ‘चिलखती डायनासोर’ होता का, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद झाले. त्यामुळे या शब्दाचा नेमका अर्थ समजून घेणे आवश्यक ठरते.

शास्त्रीय वर्गीकरणात चिलखती डायनासोरांच्या गटाला ‘थायरिओफोरा’ म्हणतात. हंगेरीचे जीवाश्मशास्त्रज्ञ फेरेंट्स नोप्चा यांनी १९१५ मध्ये हे नाव दिले. ग्रीक भाषेत ‘थायरिओस’ म्हणजे दारासारखी मोठी ढाल आणि ‘फोरोस’ म्हणजे वाहणारा. त्यामुळे ‘ढालधारी’ हा त्याचा शब्दशः अर्थ होतो. हे सर्व प्राणी शाकाहारी होते.

या गटाच्या दोन प्रमुख शाखा आहेत. पहिली स्टेगोसॉर. पाठीवर उभ्या हाडांच्या पट्ट्या आणि शेपटीवर काटे ही तिची ओळख. अमेरिकी शास्त्रज्ञ ओथनियल मार्श यांनी १८७७ मध्ये ‘स्टेगोसॉरस’ हे नाव दिले. त्याचा अर्थ ‘छपराचा सरडा’. या पट्ट्या कौलांप्रमाणे पाठीवर आडव्या पसरलेल्या असाव्यात, असा मार्श यांचा सुरुवातीचा समज होता. तो पुढे चुकीचा ठरला, नाव मात्र कायम राहिले. दुसरी शाखा अँकिलोसॉर. बसके, रुंद शरीर आणि अंगभर हाडांचे कवच ही तिची वैशिष्ट्ये. बार्नम ब्राउन यांनी १९०८ मध्ये नाव दिलेला ‘अँकिलोसॉरस’ म्हणजे ‘सांधलेल्या हाडांचा सरडा’.

हे चिलखत त्वचेत तयार होणाऱ्या हाडांचे असते. ही हाडे सांगाड्याला थेट जोडलेली नसतात. प्राणी मेल्यानंतर ती सहज विखुरतात आणि इतर प्राण्यांच्या अवशेषांत मिसळतात. शिवाय अशी हाडे मगरींमध्ये आणि टायटनोसॉर गटातील काही लांब मानेच्या डायनासोरांमध्येही आढळतात. म्हणून केवळ कवचाचा तुकडा सापडला, एवढ्यावरून प्राणी ‘थायरिओफोरा’ गटातील ठरत नाही.

भारतात याचा पहिला अनुभव जबलपूरला आला. चार्ल्स मॅटली यांनी १९२३ मध्ये तेथील बडा शिमला टेकडीवरील जीवाश्मांना ‘लॅमेटासॉरस इंडिकस’ हे नाव देऊन तो चिलखती डायनासोर असल्याचे जाहीर केले. डी. के. चक्रवर्ती यांनी १९३५ मध्ये त्यावर आक्षेप घेतला. एकाच नावाखाली वेगवेगळ्या प्राण्यांची हाडे एकत्र आली असून त्यांतील कंबर आणि पाय मांसाहारी डायनासोरचे आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. आज लॅमेटासॉरसची गणना चिलखती डायनासोरांत होत नाही.

द्रविडोसॉरसचा वाद याच स्वरूपाचा आहे. पी. यादगिरी आणि के. अय्यासामी यांनी कवटीचा भाग, दात, कमरेची हाडे आणि पट्ट्या यांच्या आधारे तो स्टेगोसॉर असल्याचे सांगितले होते. हे खडक सुमारे पावणेनऊ कोटी वर्षांपूर्वीचे. जगात इतरत्र स्टेगोसॉर त्याआधीच नामशेष झाले होते. त्यामुळे हा गट भारतात अधिक काळ तग धरून राहिला, असा महत्त्वाचा निष्कर्ष या एका नावावर अवलंबून होता. शंकर चॅटर्जी यांनी मूळ स्थळाला भेट देऊन अभ्यास केला आणि ही हाडे प्लेसिओसॉर या सागरी सरपटणाऱ्या प्राण्याची असल्याचे मत १९९६ मध्ये सहलेखकासह मांडले. प्लेसिओसॉर हा डायनासोर नाही. या मतावरही काही अभ्यासकांनी आक्षेप घेतला आहे. त्यामुळे द्रविडोसॉरसचा उल्लेख ‘वादग्रस्त’ या विशेषणासह करणेच योग्य.

तिसरी नोंद मराठी वाचकांना जवळची आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या सिरोंचा तालुक्यातील कोटा गावावरून ज्या ‘कोटा’ खडकस्तराला नाव मिळाले, त्याच प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातील स्तरातून, तत्कालीन आंध्र प्रदेशात मिळालेल्या चिलखती डायनासोरच्या अवशेषांची नोंद २००२ मध्ये झाली. पीटर गॅल्टन यांनी २०१९ मध्ये त्यांतील कवचाच्या हाडांचा पुन्हा अभ्यास करून ती अँकिलोसॉरची सर्वांत जुनी नोंद असल्याचे मांडले. या दाव्याची पुढील परीक्षाही नव्या हाडांवरच होणार आहे.

वापराच्या दृष्टीने ‘चिलखती’ हे वर्णन आहे, तर ‘थायरिओफोरा’ हे कुळ. कवच असलेला प्रत्येक डायनासोर त्या कुळातील नसतो. म्हणून वर्गीकरण सांगताना ‘स्टेगोसॉर’ किंवा ‘अँकिलोसॉर’ असा स्पष्ट उल्लेख करणे आणि ओळख निश्चित नसल्यास तसे नमूद करणे इष्ट ठरते.