रायगडावरील तळें आणि खाण

रायगडीं जगदीश्वराच्या देवालयांतील शके 1596 (इ. स. 1674) चा संस्कृत शिलालेख संशोधकांच्या पूर्ण परिचयाचा आहे. त्यांत हिरोजीच्या कामांची गणना येते ती अशी: विहिरी व तळीं प्रथम, मग वनें, मार्ग, स्तंभ, गजशाळा, राजसदनें त्यानंतर. हा केवळ कविसंकेत होय असें आम्हांसही पुष्कळ वर्षें वाटत असे. वृत्तासाठीं शब्द मागेंपुढें होतात, हें संस्कृत शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें त्यास कोणीं सांगावयास नको! तथापि या क्रमांत बांधकामाचाही क्रम असावा असें आतां आमचें मत झालें आहे.

गंगासागर तलाव खोदतांना निघालेला दगड गडावरील इमारतींस लागला असें सामान्यतः मानितात. बालेकिल्ला तलावालगतच आहे. दगड पायथ्यापासून वर चढविणें म्हणजे केवढी यातायात! तो जागींच फोडला म्हणजे वाहतूक वांचते, आणि खाणीचा खड्डा निरुपयोगी न राहतां पाण्याचा सांठा होतो. घडीव चिरे भिंतीच्या तोंडास, ओबडधोबड दगड पोटांत भरीस, कपच्या सांध्यांत. टाकून द्यावयास उरावें काय?

आज्ञापत्रांत रामचंद्रपंत अमात्यांनीं गडाच्या जागीं आधीं पाणी पाहण्यास, व तें नसल्यास कातळ फोडून तळीं-टाकीं करण्यास सांगितलें आहे. दगडाचा विनियोग तेथें सांगितलेला नाहीं. तें अनुमान आमचें.

वाड्यांतही हीच दृष्टि दिसते. जुन्या कागदांत घर 'इतक्या खणांचें' म्हणून नोंदलेलें असतें. खणाचें अंतर हातीं असलेल्या लांकडाच्या लांबीवर बेतलें, कीं कापून फेंकावयाचे तुकडे थोडे. लांकडांत लांकूड बसविलेलें असल्यानें तुळया उकलून दुसऱ्या घरासही चालतात. सरकारनें 2016 सालीं राडारोड्याविषयीं नियम केले, ते मुख्यतः तो निर्माण झाल्यावरचे. येथें विचार आराखड्यांतच झालेला आहे.

आज वाडा पाडतांना तुळयांस गिऱ्हाईक मिळतें. कागद मात्र राडारोड्यांत जातात. पाथरवट, बेलदार, सुतार यांच्या मजुरीचे हिशेब क्षुल्लक समजून संग्राहकांनीं टाकूं नयेत, अशी आमची विनंति आहे. दगड कोठून आला हें सांगणारा पुरावा निघाला तर तेथेंच निघेल. शिवाय कोणीं गंगासागराचें घनमाप घेऊन बालेकिल्ल्याच्या चिरेबंदीशीं ताडून पाहावें. माप विरुद्ध गेल्यास आम्ही आमचें अनुमान मागें घेऊं.